हात टाळावर, मन कोठे?



टाळ प्रथम हाती घेतला ते दिवस आठवा. टाळाकडे पाहावे तर पाऊल चुके, पावलाकडे पाहावे तर ठेका सुटे. पुढे मात्र हातपाय आपोआप चालू लागले. हे ‘आपोआप’ म्हणजे काय?

वैद्यकशास्त्र सांगते की डोक्याच्या मागच्या बाजूस लहान मेंदू असतो. योजलेली हालचाल आणि घडलेली हालचाल यांतले अंतर तो हेरतो व पुढच्या खेपेस चूक कमी करतो. मेंदूच्या खोल भागातील काही केंद्रे सरावाच्या हालचाली एका साखळीत ओवतात. मग प्रत्येक आघाताकडे लक्ष द्यावे लागत नाही.

यावर एक दृष्टांत. अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांना अपस्माराचे झटके येत. १९५३ साली शस्त्रक्रिया करून त्यांच्या मेंदूचा काही आतला भाग काढला. झटके कमी झाले, पण नवी आठवण टिकेना. पुढे ब्रेंडा मिल्नर या विदुषींनी त्यांना आरशात पाहून तारा गिरवायला दिला. तीन दिवसांत हात सफाईने चालू लागला. पण हे काम आपण पूर्वी केले आहे, हे मात्र त्यांना आठवत नसे.

म्हणजे हाताचे शिकणे वेगळे आणि मनाची आठवण वेगळी. मग प्रश्न उभा राहतो : टाळ अचूक वाजला, तेव्हा भजन कोणी केले? हाताने की मी?

माझेच सांगतो. एका कीर्तनात चाल रंगली होती, गळा आणि हात बिनचूक होते, आणि मी मनात पाकिटातली रक्कम मोजत होतो. चूक कोणालाच ऐकू आली नाही. मला ती अजून ऐकू येते.

मग सराव सोडावा काय? नाही. नवशिक्याचे मन मात्रा मोजण्यातच गुंतलेले असते. तेही नामात नसतेच. अभ्यास मनाला त्या कामातून मोकळे करतो. मोकळे झालेले मन कोठे ठेवायचे, हे मात्र हात ठरवत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते.

आणि दिंडीत एखादे वृद्ध माउली घरच्यांची नावे विसरले असतील, तरी त्यांच्या हातातला टाळ काढून घेऊ नका. आठवण गेली तरी हाताचे शिकणे पुष्कळदा टिकते. त्यांचे मन कोठे आहे, हे बाहेरून ठरवण्याचा अधिकार आपला नाही. आपण आपलेच तपासावे. भटकलेले आढळले तर परत आणावे. तेही पुन्हा पुन्हा केल्यानेच जमते.

रामकृष्णहरी.