महिमा कोणाचा?

श्रीदत्तभक्तहो, 'महिमा' हा शब्द आपल्या तोंडी इतका बसलाय की त्याचा अर्थ आपण कधी विचारीत नाही. मला तो विचारावासा वाटला एका परक्या शब्दामुळे.

प्राचीन ग्रीक भाषेत 'मेगास' म्हणजे मोठा. आपल्या संस्कृत 'महत्'चा हा भाऊबंदच. भाषापंडित दोघांचं मूळ एकच मानतात. 'मेगास'पासून 'मेगालेइओस' म्हणजे भव्य, 'मेगालेइआ' म्हणजे थोर कृत्यं, आणि 'मेगालेइओतेस' म्हणजे महिमा. आजही ग्रीक भाषेत राजाला संबोधताना याच शब्दाचं रूप वापरतात, आपण 'महाराज' म्हणतो तसं.

बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमध्ये आहे. त्यात 'मेगालेइओतेस' अवघ्या तीन ठिकाणी येतो. त्यांतली दोन शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

पहिली इफिससची. तिथलं आर्तेमिस देवीचं मंदिर जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. देमेत्रियस नावाचा कारागीर देवीचे चांदीचे देव्हारे घडवून विके. नव्या उपदेशानं धंदा बसणार हे दिसताच त्यानं कारागीर गोळा केले. आधी बोलला कमाईचं. मग म्हणाला, देवीचा महिमा लयाला जाईल! सारं शहर दोन तास देवीच्या नावानं ओरडत राहिलं. आज त्या जागी एक खांब तेवढा उभा आहे.

दुसरी जागा अगदी साधी. एका बापाचा एकुलता एक, झटके येणारा मुलगा येशूनं बरा केला आणि बापाच्या हाती दिला. लोक थक्क झाले ते देवाचा महिमा पाहून. इथंही शब्द तोच!

देमेत्रियसला नावं ठेवणं सोपं आहे. पण पोटाची काळजी खोटी नसते. आणि खरं सांगायचं तर, उत्सवाच्या बैठकीत चांदीच्या मखरासाठी मीच तावातावानं भांडलो होतो. "देवाचा महिमा कमी दिसेल," असंही म्हणालो. घरी आल्यावर मनात आलं, कमी कोणाचा दिसणार होता? देवाचा, की आमच्या गावाचा, की माझा?

मखर असावं, डोळ्यांना गोड वाटतं. पण एखाद्या बापाच्या हाती त्याचं लेकरू धडधाकट परत जावं, यासाठी आपण काय केलं, हेही त्याच बैठकीत विचारायला हवं होतं. यंदा मी ते विचारणार आहे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥