तडा गेला म्हणून स्लेज टाकायची नसते (गीता ६.५)



मित्रांनो, आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या पाचव्या श्लोकावर आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो पाठ असेल, म्हणून इथे लिहीत नाही. गीता हाताशी असेल तर उघडा, एकदा मोठ्याने वाचा आणि मग पुढे या. भगवंत अर्जुनाला सांगतात की माणसाने स्वतःला स्वतःच वर काढावं, खचू देऊ नये. कारण आपला सोबतीही आपणच आणि वैरीही आपणच.

वाचायला सोपं वाटतं. पण जरा थांबलं की प्रश्न पडतो. जे मन तुटलंय, त्याच मनाने ते सांधायचं कसं? दुरुस्तीला आलेली वस्तूच कारागीर कशी होणार?

गेल्या आठवड्यात पुण्याहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला, तेव्हा ती हेच विचारत होती, फक्त तिच्या शब्दांत. "दादा, मी रोज सकाळी पंधरावा अध्याय म्हणते. दुपारी माझा कॉल चालू असताना आई सातव्यांदा विचारते, 'आज बँकेत जायचंय का गं?' आणि मी ओरडते. ती घाबरून गप्प बसते. तिला विसरण्याचा आजार आहे, हे मला कळतं. तरी ओरडतेच. मग सकाळचं ते म्हणणं ढोंगच झालं ना? बंद करू का?"

मी तिला म्हटलं, बंद करू नकोस, सविस्तर लिहितो. हे लिहिणं तिच्यासाठी आहे, आणि जे रोज ठरवतात नि रोज मोडतात त्या आपल्या सगळ्यांसाठी.

मी राहतो मिनेसोटात. इथे जानेवारीत तळी इतकी गोठतात की त्यांच्यावर माणसं चालतात, गाड्या जातात. आमच्या शेजारचे आजोबा बर्फाला भोक पाडून मासे धरणारे. मी माळकरी घरातला. मासे धरत नाही, खातही नाही. माझा संबंध फक्त त्यांच्या स्लेजपुरता. स्लेज म्हणजे प्लास्टिकची लांबट, उथळ होडीसारखी गाडी, चाकं नसलेली. तिच्यात बर्फ पोखरायचा ऑगर, हीटर, बादल्या, तंबू असं सगळं भरायचं आणि दोरीने किंवा स्नोमोबिलच्या मागे बांधून ओढत न्यायचं. उत्तरेला मिल लॅक्स नावाचं तळं आहे, तिथे आजोबा जातात. ते इतकं मोठं आहे की बर्फावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. संध्याकाळी पारा उणे पंचविसावर गेलेला असताना मधोमध स्लेज फाटली, तर ती नुसती गैरसोय नसते. तंबू, हीटर, ऊब सगळं त्या स्लेजमध्येच असतं.

तर या हिवाळ्यात आजोबांच्या स्लेजला पुढच्या बाजूला तडा गेला. दोरीचं भोक होतं तिथून निघून तळाच्या वळणापर्यंत, हातभर लांब. त्यांच्या गॅरेजमध्ये मी दोन संध्याकाळ हीट गन धरून उभा होतो. ती दुरुस्ती बघताना मला हा श्लोक नव्याने कळला.

पहिली गोष्ट. आजोबांनी तडा बुजवायला घेतलाच नाही. आधी तड्याचं टोक शोधलं. बोटाने चाचपलं, प्लास्टिक वाकवून पाहिलं, उजेड पाडून पाहिलं. डोळ्यांना दिसतो त्याच्या थोडा पुढेपर्यंत तडा गेलेला असतो. तिथे, अगदी टोकाच्या पुढे, त्यांनी ड्रिलने एक लहान गोल भोक पाडलं. फाटलेल्या वस्तूला आणखी भोक? पण त्याचं कारण सरळ आहे. तड्याचं टोक सुईसारखं अणकुचीदार असतं, सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो, म्हणून तडा पुढे पळत राहतो. गोल भोक पाडलं की ताण त्याच्या कडेवर पसरतो आणि तडा थांबतो. विमानाच्या पत्र्यालाही तडा गेला तर हीच युक्ती वापरतात.

आपण काय करतो? ओरडून झाल्यावर रात्री रडतो, उद्यापासून दुप्पट जप करायचं ठरवतो. ही टोक न शोधता केलेली मलमपट्टी आहे. सातव्या प्रश्नाला फुटलेला राग सातव्या प्रश्नाला सुरू झालेला नसतो. तिसऱ्या वेळी खांदे आवळले गेले होते, चौथ्या वेळी उत्तर तुटक झालं होतं. टोक तिथे आहे. तिथे एक गोल भोक पाडायचं, म्हणजे एक छोटा थांबा घ्यायचा. कॉल म्यूट करायचा, उठून पाणी प्यायचं, आईच्या पाठीवर हात ठेवायचा, मग उत्तर द्यायचं. एवढ्याने राग नाहीसा होणार नाही. तो पुढे पळायचा थांबेल, आणि सुरुवातीला तेवढं पुरतं.

दुसरी गोष्ट ही आजच्या श्लोकाचा गाभा आहे. मी आजोबांना म्हटलं, "एखादा जबरदस्त गोंद आणू का?" ते हसले आणि स्लेज उलटी करून तळ दाखवला. तिथे त्रिकोणात २ हा आकडा होता. म्हणजे एचडीपीई, पॉलिइथिलीनचा एक प्रकार. या प्लास्टिकचा पृष्ठभाग मेणचट असतो, त्याला काही चिकटून राहत नाही. म्हणूनच ते बर्फावरून सुरेख सरकतं, आणि म्हणूनच नेहमीचा गोंद त्याला धरत नाही. लावताना घट्ट वाटतो, थंडीत पहिला धक्का बसला की पापुद्र्यासारखा निघून येतो. एचडीपीईला एचडीपीईच लागतं. आजोबांनी दुधाचा रिकामा कॅन घेतला, त्यावरही तोच २ आकडा होता. त्याच्या बारीक पट्ट्या कापल्या. तड्याच्या दोन्ही कडा चाकूने तासून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच केली, वरचा मळका, जुनाट थर खरवडून काढला, आणि मग उष्णता दिली.

इथे मला त्यांनी एक गोष्ट तीनदा बजावली. फक्त पट्टी तापवू नकोस, स्लेजही तापव. नुसती पट्टी वितळली तर ती थंड प्लास्टिकवर जाऊन बसते. जोडलेली दिसते, पण जोडलेली नसते. हे प्लास्टिक साधारण १३० अंश सेल्सियसला वितळतं. दोन्हीकडे ओली चकाकी आली की दाबायचं. मग पट्टी कुठे संपते आणि स्लेज कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही. फार तापवलं तर धूर निघतो आणि प्लास्टिक जळून ठिसूळ होतं. कमी तापवलं तर जोड फसवा होतो.

आपल्याकडे फुटलेली प्लास्टिकची बादली तापल्या सळईने सांधतात, ती हीच विद्या.

आता श्लोकाकडे या. मनाला मनच का लागतं? कारण बाहेरून आणलेला गोंद मनाला धरत नाही. मोटिव्हेशनचे रील, नवी डायरी, महागडं ध्यानाचं ॲप. वाईट काहीच नाही त्यात, पण ते वरून बसतं. पहिल्या थंडीत निघतं. मन सांधायला जो पदार्थ लागतो तो मनाचाच असतो: तुमची स्वतःची प्रामाणिक इच्छा, तुमचं स्वतःचं लक्ष, तुमचंच प्रेम. माझ्या बहिणीकडे तो पदार्थ आहे, हे मला कशावरून कळलं? तिला त्रास होतोय यावरून. जिचं मन पूर्ण तुटलंय तिला आई गप्प बसल्याचं दिसलंसुद्धा नसतं. ओरडणारीही तीच आहे आणि हळहळणारीही तीच. भगवंत म्हणतात तो वैरी आणि तो सोबती एकाच घरात राहतात, एकाच पदार्थाचे असतात. म्हणून तर सांधा बसू शकतो.

आणि दोन्ही बाजू तापवायच्या! सकाळचं पठण तापलेलं आणि दुपारचं वागणं थंडगार असेल, तर अध्याय वर नुसता चिकटून राहतो. तिला वाटलं ते ढोंग हेच. पण त्यावर उपाय अध्याय बंद करणं हा नाही, दुपारही थोडी तापवणं हा आहे. दुपारच्या कॉलआधी पंधराव्यातला एक श्लोक आईच्या शेजारी बसून, तिच्यासोबत म्हण. माणसं आजची तारीख विसरतात, पण लहानपणी पाठ केलेलं पुष्कळदा ओठांवर असतं. ती म्हणू लागली तर तुझी सकाळ आणि दुपार एकमेकांत वितळायला लागतील.

तिसरी गोष्ट धीराची. सांधा झाल्यावर मी म्हटलं, बाहेर बर्फात ठेवू, पटकन गार होईल. आजोबा नाही म्हणाले. घाईने गार केलं तर प्लास्टिक आतल्या आत आखडतं आणि जोडाशेजारीच नवा तडा जातो. रात्रभर तशीच राहू दे. याच अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात भगवंत मनाला हळूहळू, धीर धरलेल्या बुद्धीने शांत करायला सांगतात. सांधलेल्या मनावर दुसऱ्याच दिवशी पूर्ण भार टाकू नका. "आजपासून मी कधीच चिडणार नाही" हा ताज्या सांध्यावर टाकलेला दोनशे किलोचा भार आहे.

चौथी गोष्ट, मजबुती. सांधून झालं म्हणजे काम संपलं नव्हतं. आजोबा म्हणाले, जिथून फाटली तिथे भार का आला ते बघ. सगळी ओढ दोरीच्या एकाच भोकावर येत होती. मग त्यांनी तिथे आतून आणि बाहेरून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या, बोल्टखाली मोठे वॉशर घातले, आणि दोरी स्लेजच्या काठाखालून पूर्ण वळसा घालून आणली. आता ओढ एका भोकावर न येता सगळ्या स्लेजवर वाटली जाते. तळाला घासपट्ट्या लावल्या, म्हणजे खडी आणि डांबरावरून ओढताना झीज पट्ट्यांची होईल, तळाची नाही.

बहिणीला माझं हेच सांगणं आहे. तू एकच भोक झाली आहेस. आईचा सगळा भार, नोकरीसकट, एका जागी येतोय. रविवार भावाकडे दे. दुपारचे तीन तास कुणी मदतनीस मिळते का बघ. डॉक्टरांना स्वतःबद्दलही सांग, फक्त आईबद्दल नको. स्वतःला स्वतः वर काढावं, याचा अर्थ सगळं एकट्याने ओढावं असा नाही. मदत मागायला उठणं हेसुद्धा स्वतःच करावं लागतं, कुणी ते आपल्यासाठी करत नाही.

यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडली. घासपट्ट्यांसाठी आजोबांनी गोल भोकं न पाडता लांबट खाचा पाडल्या, आणि बोल्ट करकचून आवळले नाहीत. गॅरेजमधल्या उबेतून उणे तीसच्या बर्फावर गेलं की लांब प्लास्टिक काही मिलिमीटर आक्रसतं. बोल्टला सरकायला जागा नसेल तर मजबुतीसाठी लावलेली पट्टीच स्लेज फाडते. नियमांचंही तसंच आहे. पहाटे साडेचारला उठीन, नाही उठलो तर दिवस वाया, असा नियम एक दिवस माणसालाच फाडतो. सतराव्या श्लोकात भगवंत खाणं, फिरणं, कामं, झोप, जागणं सगळंच बेताचं ठेवायला सांगतात. नियम असावाच, पण त्याला सरकायला बोटभर जागा असावी.

शेवटी अर्जुनाची शंका, कारण ती तुमच्याही मनात असेल. याच अध्यायात तो विचारतो, की जो श्रद्धेने निघाला पण वाटेत ढळला, तो फाटलेल्या ढगासारखा विरून जातो का? ना इकडचा, ना तिकडचा? भगवंतांचं उत्तर चाळिसाव्या श्लोकात आहे. ते अर्जुनाला 'बाळा' म्हणावं तशा मायेने हाक मारतात आणि सांगतात की चांगल्या वाटेने निघालेल्या कुणाचंच वाईट होत नाही. पुढे तर असंही सांगतात की जिथे काम थांबलं तिथूनच ते पुन्हा सुरू होतं. केलेलं वाया जात नाही.

सांधलेली स्लेज नव्यासारखी दिसत नाही. काळ्या प्लास्टिकवर दुधाच्या कॅनचा पांढरा वण ठळक दिसतो. असू दे. आपण तिच्यात सामान भरतो, तिला देव्हाऱ्यात ठेवत नाही.

आजचा संकल्प: आज ज्या क्षणी तुमचा तोल जाईल, त्या क्षणाच्या मागे दोन पावलं जाऊन बघा. तडा कुठून निघाला? ती जागा एका ओळीत वहीत लिहा. स्वतःला शिक्षा नको, मोठी प्रतिज्ञाही नको. उद्या त्या जागेवर एक थांबा घ्या, एक श्वास, एक नाम. आणि सकाळचा पाठ? तो चालूच ठेवा. सांध्याला लागणारी पट्टी तिथूनच कापायची आहे.

रामकृष्णहरी.