आधार किती द्यावा?

दयेविषयी आपल्याकडे इतके बोलले आणि लिहिले गेले आहे, की त्यात आपण आणखी काही भर घालावी असे एखाद्या शाळामास्तराला वाटणे हे धाडसच म्हणायचे. पण दया करावी की करू नये, हा प्रश्न आता फारसा कोणी विचारीत नाही. साधुसंतांनी तो केव्हाच सोडवला आहे. इतकेच काय, १९७६ साली झालेल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये घालून दिली, त्यांत प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे हेही एक आहे. तेव्हा दया करावी, हे ठरून गेले. खरा प्रश्न उरतो तो त्याच्या पुढचा. दया करायची ती कशी, आणि किती? हा प्रश्न मला पहिल्याहून पुष्कळच अवघड वाटतो. आणि तो माझ्यापुढे उभा केला तो एका तीन पायांच्या कुत्र्याने.

मोत्या हा आमच्या आळीतला कुत्रा. गावठी, तांबूस रंगाचा, वजनाने वीस किलोच्या आतबाहेर. गेल्या वर्षी पावसाळ्यात एका मालमोटारीखाली त्याचा डावा पुढचा पाय सापडला. पाय वाचण्याजोगा नव्हता. पशुवैद्यांनी तो खांद्यापासून काढून टाकला. आमच्या शेजारच्या घराने त्याला ओसरीवर जागा दिली. त्या घरातल्या आजींनी पहिले आठ-दहा दिवस त्याची जी सेवा केली, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. भाकरीच्या गोळ्यात गोळी दडवून भरवायची, त्याने जखम चाटू नये म्हणून रात्री जागायचे, पोटाखालून पंचा घालून त्याला उचलून अंगणात न्यायचे, हे सारे आजींनीच केले. पुढे टाके निघाले, जखम भरली, आणि मग त्या घरात आजी आणि त्यांची आठवीतली नात यांच्यात मतभेद सुरू झाला. आजी म्हणत, आता त्याला सुखाने पडू द्यावे. नात म्हणे, आता त्याला उठवावे.

नातीच्या बाजूला डॉक्टर होते. कुत्र्याचे चारही पाय सारखाच भार उचलत असतील असे आपण समजतो. पण तसे नसते. उभ्या कुत्र्याच्या वजनातला सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि ४० टक्के मागच्या दोहोंवर. म्हणजे वीस किलोच्या मोत्याचा पुढचा एकेक पाय सहा-सहा किलो पेलत होता. त्यातला एक गेला की त्याच्या वाट्याचे ओझे बरेचसे दुसऱ्यावर पडते आणि उरलेले मागच्या पायांकडे सरकते. मान, पाठ, पोट यांच्या स्नायूंना पूर्वी कधी न केलेले काम करावे लागते. ते स्नायू बळकट झाले नाहीत, तर उरलेल्या पायांचे सांधे लवकर झिजतात.

कोणी म्हणेल, तिवईलाही तीनच पाय असतात आणि ती चौरंगापेक्षा कमी डुगडुगते. भूमितीच्या तासाला मीही मुलांना हेच सांगतो. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, म्हणून तिवई उंचसखल जमिनीवरही तिन्ही पाय टेकून उभी राहते. खरे आहे, पण तिवईला चालायचे नसते. मोत्याला पाऊल टाकायचे तर त्या तिनांतला एक उचलावा लागतो, आणि पुढचा एकुलता एक पाय उचलला की क्षणभर पुढे आधारच राहत नाही. म्हणून तीन पायांचा कुत्रा सावकाश चालण्यापेक्षा उड्या घेत जाणे पसंत करतो. पळताना वेग त्याला सांभाळून नेतो. सावकाश चालताना त्याचे त्यालाच सांभाळावे लागते. नेमके म्हणूनच डॉक्टरांनी त्याला सावकाश चालायला शिकवा असे सांगितले.

मग त्या मुलीचा रोजचा पाठ सुरू झाला. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटे, गळ्याऐवजी छातीला पट्टा बांधून हळू चालवायचे. कारण गळ्याला ओढ बसली की तोल जातो. सपाट जागी उभे करून त्याच्या खांद्यावर आणि मग कमरेवर बोटांनी हलकेच दाबायचे. तो पडेल इतके नाही, त्याला सावरावे लागेल इतकेच. भाकरीचा तुकडा नाकापुढे धरून मान डावीकडे, उजवीकडे, खाली वळवायला लावायची. पुढे काही आठवड्यांनी घडी घातलेल्या गोधडीवर उभे करायचे, म्हणजे पायाखालचे मऊ हलते आणि अंगाला सारखे सावरत राहावे लागते. त्यानंतर अंगणात बांबूच्या काठ्या आडव्या ठेवून त्या एकेक ओलांडायला लावायच्या. वाचताना हे पोरखेळासारखे वाटेल. पण पहिल्या दिवशी दहा आकडे मोजेपर्यंत नीट उभे राहताना मोत्याचे पाय थरथरत होते, ते मी कुंपणापलीकडून पाहिले आहे.

आजींना ते पाहवेना. एके सायंकाळी त्यांनी मलाच पंच म्हणून बोलावले.

"मास्तर, तुम्हीच सांगा हिला. त्या मुक्या जिवाचा एक पाय गेला, आणि ही त्याची तालीम घेतेय! वर त्याचं तूपही बंद केलंय. नामदेवमहाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्याच्या मागे धावले होते ना?"

नात म्हणाली, "आजी, वजन वाढलं तर ते त्या एका पायावरच येणार ना? मग तुझं तूप त्यालाच उचलावं लागेल."

मी त्या वेळी दोघींचाही मान राहील असे काहीसे बोलून उठलो. पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला, कारण आजींचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. मोत्याने कधी बळकट व्हायला मागितले होते? माणूस दुखणे सोसतो ते पुढच्या सुखाकडे पाहून. त्याला ते समजावून सांगता येते. मोत्याला आठ आठवड्यांनंतरचा दिवस कोण समजावणार? त्याला कळते ते एवढेच, की पडून राहिलो होतो आणि आता उठवले जात आहे. ज्याची संमती विचारता येत नाही, त्याला त्याच्या भल्यासाठी कष्टवण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला?

विचार करता करता मला असे वाटू लागले, की हा आक्षेप दोन्हीकडे लागू पडतो. मोत्याची संमती उठवण्याला नव्हती, तशी ती पाडून ठेवण्यालाही नव्हती. ओसरीवर तूप-भाकरी खाऊन जड होत जाणारे, दोन वर्षांत उठताही न येणारे आयुष्यसुद्धा त्याच्यासाठी आपणच निवडले असते. फरक इतकाच, की त्या निवडीत आपल्याला त्याची धडपड पाहावी लागली नसती. दुसऱ्याचे दुःख हलके करताना पुष्कळदा आपण ते पाहण्याचे आपले दुःख हलके करीत असतो. दोहोंत गल्लत होणे फार सोपे, कारण दोहोंना आपण एकच नाव देतो, दया.

नामदेवांची गोष्टही मी पुन्हा आठवून पाहिली. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली, ती त्याने कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तूप घेऊन धावले. त्या गोष्टीचे मर्म मला तुपात दिसत नाही. नामदेवांना त्या कुत्र्यात विठ्ठल दिसला, हे तिचे मर्म. ज्याच्यात देव पाहिला, त्याला बिचारा म्हणता येत नाही. त्याच्यात काहीतरी पुरेपूर आहे, असे मानावे लागते. आजींना मोत्याचा गेलेला पाय दिसत होता. नातीला राहिलेले तीन दिसत होते. नामदेवांच्या जवळ त्या दोघींपैकी कोण, हे मला सांगता येईल असे वाटते.

मात्र याचा अर्थ कोणी असा करू नये, की आधार काढून घेतला म्हणजे बळ येते. 'आपल्या पायावर उभे राहावे' हा उपदेश ज्यांना चांगले पाय आहेत तेच बहुधा करतात. ही मुलगी तसले काही करीत नव्हती. पाठ सुरू करण्याआधी तिने ओसरीच्या गुळगुळीत शहाबादी फरशीवर गोणपाट आणि जुन्या सतरंज्या अंथरल्या, मोत्याची नखे आणि तळव्यांमधले वाढलेले केस कापवून घेतले. त्याने उंचावरून उडी घेतली तर सारा भार पुढच्या एका पायावर आदळेल, म्हणून ओसरीच्या कडेला उतरती फळी लावली. धाप वाढली, मान खाली गेली, पाय थरथरले की पाठ तेथेच संपे. दुखते असे वाटले, तर त्या दिवशी सुट्टी. निसरड्या फरशीवर सोडून देऊन पडणाऱ्याला दुबळा ठरवणे, यासारखा अन्याय नाही. वर्गातही आम्ही मास्तर मंडळी किती वेळा मुलाची बुद्धी तपासतो आणि त्याच्या घरची फरशी पाहायची विसरतो!

आणि पंचा? तो तिने फेकून दिला नाही. तो मोत्याच्या पोटाखाली राहिला; पण पहिल्या आठवड्यात ताणलेला होता, तो दिवसागणिक सैल होत गेला. तोल जाईल तेव्हा हात आहे, एरवी हात उचलीत नाही. मदतीचे सारे कौशल्य मला त्या सैल पंच्यात दिसले. ताणून धरला तर शरीर शिकत नाही, सोडून दिला तर शरीर पडते. फळ्यापाशी अडलेल्या मुलाला उत्तर सांगून टाकणे सोपे असते आणि "जा, बस जाग्यावर" म्हणणेही सोपे असते. अवघड असते ते त्याच्या शेजारी खडू घेऊन गप्प उभे राहणे. आईबापांना तर ही विद्या जन्मभर लागते.

मोत्या आज सावकाश चालतो, फळीवरून चढतो-उतरतो. चमत्कार मात्र काही झालेला नाही. दमतो, कधी वळताना तोल जातो, आणि त्याच्या सांध्यांची काळजी जन्मभर घ्यावीच लागणार आहे. आजींनीही तूप सोडलेले नाही. त्यांनी चमचा लहान केला आहे. शिवाय मान वळवण्याच्या पाठातला भाकरीचा तुकडा आता त्यांच्या हातात असतो. त्यांच्या मायेला काम मिळाले आणि नातीच्या शिस्तीला माया मिळाली. पहिल्या दहा रात्री आजी जागल्या नसत्या, तर उठवायला मोत्याच उरला नसता, हेही विसरून चालणार नाही. प्रत्येक दयेची एक वेळ असते.

दिवाळीच्या दिवसांत नेपाळमध्ये तिहार साजरा होतो, आणि त्यातला एक दिवस कुत्र्यांचा असतो. त्यांना टिळा लावतात, गळ्यात झेंडूच्या माळा घालतात, गोडधोड देतात. आपल्याकडे गाय-वासराला वसुबारस आहे, कुत्र्याला असा दिवस नाही. नसेना का! त्याच्यासाठी फटाक्यांच्या वेळी घरातला एक शांत कोपरा मोकळा ठेवला आणि खाली गोणपाट अंथरले, तरी पुष्कळ झाले. घाबरून पळणाऱ्या कुत्र्याला चार पायही पुरत नाहीत.

आपल्या पुराणांनी धर्माला बैलाचे रूप दिले आहे. कृतयुगात त्याला चार पाय होते, त्रेतायुगात तीन उरले, पुढे दोन, आणि कलियुगात एक. तीन पायांचे ते त्रेतायुग म्हणजे प्रत्यक्ष रामाचे युग, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. कशाची तरी उणीव आली म्हणून धर्म आडवा झाला नाही. उरलेल्या पायांवर तो चालत राहिला. माणसाचेही तसेच आहे. कोणाचे माणूस जाते, कोणाची नोकरी, कोणाची दृष्टी, कोणाची उमेद. आपल्या घरात, शेजारी, वर्गात असा कोणीतरी असतोच. त्याच्यापाशी जाताना, त्याचे काय गेले हे विचारण्याआधी काय उरले आहे ते पाहावे, पायाखाली काहीतरी अंथरावे, आणि पंचा सैल धरून बरोबर चालावे. आपला हात दिवसेंदिवस कमी लागू लागला, की आपली दया सफल झाली असे समजावे. आणि त्या दिवशी मनात किंचित हुरहुर वाटली, तर ती खुशाल वाटू द्यावी.