एकास बत्तीस : खेळण्यातल्या ट्रॅक्टरचा खरेपणा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीत दोन ट्रॅक्टर धुतले गेले. एक खरा. शेजारच्या काकांनी बोअरची मोटर चालू केली आणि मडगार्डच्या आत वर्षभर साचलेला चिखल पाइपाच्या धारेने काढला. मग बोनेट पुसलं, चाकांना काळं पॉलिश लावलं, झेंडूच्या माळा कापून ठेवल्या. दुसरा ट्रॅक्टर माझ्या टेबलावर होता, अकरा सेंटिमीटर लांबीचा. तोही मी साबणाच्या पाण्याने धुतला, वाळवला आणि त्याला चिखल लावायला बसलो.

भाचा दोन्हीकडे बघून म्हणाला, "मामा, तिकडं काका चिखल काढायलेत अन् तू लावायलास."

मी हसलो. पण त्याचं म्हणणं डोक्यातून गेलं नाही. ज्याच्याकडे खरा ट्रॅक्टर आहे तो त्याला नवा करू पाहतो. ज्याच्याकडे खेळण्यातला आहे तो त्याला जुना करू पाहतो. दोघांनाही वाटतं की आपण ट्रॅक्टरचा मान राखतोय. मग माझ्या चिखलाला नेमका काय अर्थ आहे?

ज्यांना हा नाद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जस्ताचा मिश्रधातू वितळवून साच्यात ओतून केलेल्या छोट्या गाड्यांना डाय-कास्ट मॉडेल म्हणतात. शेतीच्या ट्रॅक्टरांची मॉडेल बहुतेक दोन मापांत मिळतात, एकास सोळा आणि एकास बत्तीस. एकास बत्तीस म्हणजे साडेतीन मीटरचा ट्रॅक्टर अकरा सेंटिमीटरांत. दुकानातून येतं तेव्हा मॉडेल चकचकीत असतं, लग्नातल्या फेट्यासारखं. ते उघडायचं, खालचे रिव्हेट ड्रिलने काढायचे, जुना रंग उतरवायचा, आणि मग ते खऱ्यासारखं दिसेपर्यंत त्यावर काम करायचं. हा छंद जगभर आहे. अमेरिकेत आयोवा राज्यात फ्रेड अर्टल नावाच्या माणसाने १९४५ साली घरच्या तळघरात असे ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. त्यासाठी त्याने युद्धातून उरलेल्या विमानांचे ॲल्युमिनियमचे पिस्टन वितळवले होते.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. ब्रिटन्स, सिकू, युनिव्हर्सल हॉबीज या परदेशी कंपन्यांची बरीचशी मॉडेल बंद केबिनच्या अजस्र ट्रॅक्टरांची असतात. हिंगोली जिल्ह्यात फिरतात ते ३५ ते ५० एचपीचे, उघडे, फार तर वर पत्र्याचं छत असलेले. म्हणून इथल्या छंदिष्टाला आधी केबिन कापावी लागते. मग सायलेन्सर उभा करायचा, मडगार्ड रुंद करायचं, पुढे लिंबू-मिरची टांगायची आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या पाटीवर एमएच ३८ लिहायचं.

यानंतर चिखल. इथे मला पहिला धडा मिळाला.

मी शेतातली खरी काळी माती आणली. वस्त्रगाळ केली, गोंदात कालवली आणि टायरला लावली. वाळल्यावर ट्रॅक्टर दगडांच्या राशीतून आल्यासारखा दिसू लागला. कारण साधं होतं. एकास बत्तीसच्या मापात एक मिलिमीटरचा कण म्हणजे सव्वातीन सेंटिमीटरचं ढेकूळ. माती लहान झालेली नव्हती, फक्त ट्रॅक्टर लहान झाला होता. शेवटी खरी माती पुसून टाकली आणि रंग व खडूची भुकटी मिसळून खोटी माती लावली, तेव्हा कुठे ती खरी वाटली. रंगाचंही तसंच. कंपनीचा लाल रंग जसाच्या तसा मारला तर भडक दिसतो. खरा ट्रॅक्टर आपण दहा-वीस पावलांवरून बघतो, मधल्या हवेने रंग थोडा फिका होतो. म्हणून लालमध्ये थोडा पांढरा मिसळावा लागतो.

म्हणजे खरेपणा वस्तूत नसतो, प्रमाणात असतो? काही दिवस मला हे उत्तर पुरेसं वाटलं. योग्य मापाने खोटं बोललं की खरं दिसतं, एवढंच काय ते.

पण एका ड्रायव्हरने ते मोडलं. आमच्या ओळखीचा हा माणूस वीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवतोय. त्याने मॉडेल तळहातावर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाला, "भारी केलंस भाऊ. पण हा ट्रॅक्टर कोणी चालवलेला नाही."

मी विचारलं, असं का?

"बोनेटवर गंज दाखवलास. तिथं गंज यायला ट्रॅक्टर उभा राहावा लागतोय पावसात. चालता ट्रॅक्टर तिथं गंजत नाही. चालत्या ट्रॅक्टरचा क्लचचा पाय घासतोय, ब्रेकचा त्याच्याहून कमी. डिझेल टाकीच्या झाकणाखाली ओघळ येतोय, त्याच्यावर धूळ बसून काळा पट्टा होतोय. अन् चिखल मडगार्डच्या आतून असतोय, वरून नाही."

मी केलेला जुनेपणा हा फोटोंतून उचललेला जुनेपणा होता. त्याने सांगितलेला जुनेपणा म्हणजे कामाचा हिशोब होता. प्रत्येक ओरखड्याला कारण होतं. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमाती इतकी की पावसाळ्यात ती फुगते, टायरच्या गुट्ट्यांमध्ये बसते आणि सुकली की फिकट राखाडी होते. म्हणजे मार्चमधल्या ट्रॅक्टरवर काळाभोर ओला चिखल दाखवला तर तो खोटा. वसमतकडच्या ट्रॉलीत मार्च-एप्रिलमध्ये दिसायला हवी ती हळदीची पिवळी भुकटी, तळाच्या कोपऱ्यांत अडकलेली. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ट्रॉलीच्या कोपऱ्यांना ते कधीपासूनच ठाऊक होतं.

प्लेटोने या प्रश्नावर जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वी विचार केला होता. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात तो नक्कल करणाऱ्यांवर चांगलाच रागावलेला आहे. तिथे तो घोड्याच्या लगामाचं उदाहरण देतो. चित्रकार लगामाचं चित्र काढतो, चांभार आणि लोहार लगाम बनवतात, पण लगाम कसा असावा हे खरं कळतं ते घोडेस्वाराला. जो वस्तू वापरतो त्याला ज्ञान असतं. जो बनवतो तो वापरणाऱ्याचं ऐकून बनवतो. आणि जो नक्कल करतो त्याला यातलं काहीच नसतं, तो फक्त दिसतं तसं काढतो.

प्लेटोच्या हिशोबात मी सगळ्यात खालच्या पायरीवर. पण मला त्यात एक वाट दिसली. नक्कल करणारा अडाणी असतो कारण तो विचारत नाही. त्याने वापरणाऱ्याला विचारलं तर? मी ड्रायव्हरला विचारलं आणि मॉडेल सुधारलं. क्लचचा पाय घासून चकचकीत केला, बोनेटवरचा गंज काढला, मडगार्डच्या आत राखाडी थर दिला. आता माझ्या मते तो ट्रॅक्टर खरा झाला होता. छंदाचा नीतिनियम सापडल्यासारखं वाटलं: जो वापरतो त्याला विचारा.

मग ट्रॉलीची पाळी आली.

ट्रॉली करायला सोपी. पत्र्याचा डबा, दोन किंवा चार चाकं, मागे उघडणारा फाळका. ती झाल्यावर टेबलावर ठेवली होती. आमच्याकडे हरभरा निवडायला येणाऱ्या मावशींनी ती उचलून बघितली. त्या हंगामात रोज पहाटे दुसऱ्याच्या शेतात कामाला जातात, हळद काढायला, सोयाबीन कापायला, निंदायला. बहुतेक वेळा ट्रॉलीत बसून. त्यांनी बोटाने आतल्या कडा चाचपल्या.

"ह्यात धरायला काहीच नाही की रे."

मी सांगायला लागलो की मावशी, हे मॉडेल आहे, मापात केलंय. त्यांनी मध्येच मान हलवली.

"न्हाई, बरोबर केलंस. खऱ्यातबी नसतंय."

त्या परत हरभऱ्याकडे वळल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, त्या फक्त मॉडेल तपासत होत्या, ड्रायव्हरने तपासलं होतं तसंच. पण मला माझ्या नियमातली चूक कळली. जो वापरतो त्याला विचारा, असं मी म्हणत होतो, आणि वापरणारा म्हणजे ड्रायव्हर हे मी न विचारताच ठरवून टाकलं होतं. ट्रॉली कोण वापरतं? कागदावर ती माल वाहण्यासाठी आहे. माणसं नेण्यासाठी नाही, असंच कायदाही सांगतो. प्रत्यक्षात सकाळी सहा वाजता कोणत्याही गावच्या फाट्यावर उभं राहा.

४ एप्रिल २०२५ ला सकाळी वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर महिला अशाच ट्रॉलीत बसून कामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत कोसळला. ७ महिला गेल्या. तेव्हा आपण सगळ्यांनी ती बातमी फोनवर वाचली, दोन-तीन दिवस फॉरवर्ड केली आणि पुढच्या बातमीकडे गेलो. मीही गेलो. त्या घटनेनंतर मी ट्रॉलीचं मॉडेल केलं आणि त्यात बसायला, धरायला काही नाही ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर असलेल्या फोटोंत ट्रॉली रिकामी होती.

इथे कुणी म्हणेल, अरे, हे खेळणं आहे. त्यावर गावाची दुःखं कशाला लादतोस? हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. पोळ्याला मातीचे बैल पुजतात तेव्हा त्यांच्या मानेवर जुवाचा घट्टा आहे का, असं कोणी बघत नाही. त्या बैलाकडून खरं दिसण्याची अपेक्षाच नसते, कृतज्ञता पोचली की झालं. लहान मुलाने काडेपेटीला बुचांची चाकं लावून ट्रॅक्टर म्हटलं तर तो ट्रॅक्टरच. त्यांना कुणी जाब विचारू नये.

पण मी तसं म्हणत नव्हतो. मी म्हणत होतो की माझं मॉडेल खऱ्यासारखं आहे. मी डिझेलचा ओघळ मोजत होतो. ज्याने एकदा खरेपणाचा दावा केला, त्याला काय खरं धरलं आणि काय सोडलं याचं उत्तर द्यावं लागतं. गंज आपल्याला आवडतो, कारण तो देखणा आहे, त्यात काळ दिसतो आणि कोणाचं नाव येत नाही. कर्जाचा हप्ता मॉडेलवर दिसत नाही. ट्रॉलीतल्या बाया दिसत नाहीत. बाजारात एकास बत्तीसच्या मापातल्या शेतकऱ्यांच्या बाहुल्या मिळतात, गमबूट घातलेल्या. साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, डबा मांडीवर घेतलेली बाई मला तरी कुठे मिळालेली नाही. ती हवी तर एम-सीलमधून स्वतः घडवावी लागेल, पाच सेंटिमीटरांहून थोडी कमी उंचीची.

मग मी काय करायला हवं होतं? ट्रॉलीला आतून पाइपाची कड लावली असती तर मॉडेल चांगुलपणाचं झालं असतं आणि खोटं. इथल्या ट्रॉलीला ती नसते. बायांच्या बाहुल्या करून बसवल्या असत्या तर मला भीती वाटली की मी त्यांच्या जिवावर कौतुक मिळवेन, एखाद्या प्रदर्शनात लोक थांबून "किती हृदयस्पर्शी" म्हणतील. काहीच केलं नसतं तर रिकामी ट्रॉली तशीच खोटी राहिली असती.

मी मावशींना पुन्हा विचारलं. धरायला नसतं तर तुम्ही काय धरता?

"फाळका. न्हाईतर एकमेकीला."

मी फाळक्याची आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्यांची वरची कड घेतली. तिथला रंग बारीक सॅंडपेपरने घासला, मग मधलं बोट रोज रोज टेकून होतं तशी धातूची चमक आणली. सगळीकडे नाही, हात पोचतो तेवढ्याच ठिकाणी. मॉडेलवरच्या सगळ्या खुणांमध्ये ही सगळ्यात लहान खूण आहे. बहुतेकांना ती दिसणारही नाही.

एवढ्याने काय झालं, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो. एकास बत्तीसची कड घासून खऱ्या ट्रॉलीत कोणी सुरक्षित होत नाही. प्रामाणिक नक्कल ही मदत नव्हे, आणि ती तशी समजणं ही आणखी एक फसवणूक. पण मला इतकं नक्की वाटतं की नक्कल करण्याची नैतिक बाजू इथेच आहे. बारकाईने बघायची सवय लागली की ती टेबलावरून उठताना टेबलावरच ठेवता येत नाही. ज्याला डिझेलच्या ओघळाचं कारण माहीत आहे, त्याने फाळक्याच्या चमकेचं कारण माहीत नाही असं म्हणू नये.

दसऱ्याच्या सकाळी काकांच्या ट्रॅक्टरची पूजा झाली. ट्रॉलीही धुतली होती. मी प्रसाद घ्यायला गेलो तेव्हा सहज फाळक्यावर हात ठेवला. चिखल गेला होता, हळदीची भुकटी गेली होती, पण वरची कड तशीच गुळगुळीत आणि चकचकीत होती. धुऊन ती जाण्यासारखी नव्हती.

मी काकांना विचारलं, आतून धरायला दोन पाइप वेल्ड करून घ्यायला किती खर्च येईल? आणि बायांना न्यायला वेगळी गाडीच केली तर?

काकांनी कडेकडे बघितलं. "गाडीचं भाडं कोण देणार? मजुरीतून कापलं तर त्या येणार नाहीत, मी दिलं तर मला परवडणार नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "पाइपाचं बघू. सोयाबीन निघू दे."

सोयाबीन निघालं की मी पुन्हा विचारणार आहे.