अडलंय कुठे?

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात रोज सकाळी पावणेदहाला स्टँड-अप असतो, म्हणजे दिवसाच्या कामाची छोटी बैठक. नऊजणांचा गट, तिघे ऑफिसात, बाकीचे घरून कॉलवर. मध्यंतरी त्या कॉलवर दहावा येऊन बसला, नोंद घेणारं यंत्र. कोण काय बोललं ते टिपायचं, पाच मिनिटांत त्याचा गोषवारा करायचा आणि सगळ्या गटाला, शिवाय वरच्या दोन मॅनेजरांना मेल करायचा. मी या गटाचा स्क्रम मास्टर, म्हणजे गट सांभाळणारा. पूर्वी ही नोंद मी ठेवत असे. रोजचा पाऊण तास वाचतोय म्हणून मीच हौसेने ते सुरू करून घेतलं होतं.

तेव्हा आमच्याकडे विम्याचं काम होतं. मुदतीआधी रद्द केलेल्या पॉलिसीचा हप्ता किती परत द्यायचा, याचा हिशेब करणारा भाग. उरलेल्या दिवसांना वर्षाच्या दिवसांनी भागायचं आणि हप्त्याने गुणायचं, गणित एवढंच. गटातल्या एका मुलाने तो कोड एआयकडून लिहून घेतला, त्याच्या टेस्टही एआयकडूनच. सगळ्या टेस्ट हिरव्या. टेस्टिंग करणारी मुलगी नोकरीला लागून सात महिने झालेली. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, ‘काल रिफंडची टेस्टिंग, आज पण तेच, नो ब्लॉकर.’ गोषवाऱ्यातही हेच आलं.

अकराच्या सुमारास खाली चहाच्या टपरीवर ती माझ्यापाशी आली. ‘सर, मला तो कोड नीट कळलाच नाहीये. टेस्ट पास होतायत, पण टेस्टमध्ये जे ३६५ आहे तेच कोडमध्ये आहे. मध्ये २९ फेब्रुवारी आला तर?’ लीप वर्षाचे ३६६ दिवस दोन्हीकडे नव्हते. कोड आणि टेस्ट एकाच समजुतीतून आले होते, त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याला दिसणं शक्यच नव्हतं. मी विचारलं, ‘मग सकाळी का नाही बोललीस?’ ती म्हणाली, ‘ते सगळं मेलमध्ये जातं ना सर. मला कोड कळत नाही, हे लेखी कशाला जाऊ द्यायचं?’

तिचं ते बोलणं डोक्यातून जाईना. गटाला प्रमुख लागतो तो नेमका कशासाठी, याची समजूत कुठून कुठे आली, याचा माग मी तेव्हापासून काढतो आहे.

फ्रेडरिक टेलरचं वैज्ञानिक व्यवस्थापनावरचं पुस्तक १९११चं. बेथलेहेम स्टीलच्या आवारात बिडाच्या लगडी वाहणाऱ्या एका मजुराची हकिगत त्याने सांगितली आहे. दिवसाला साडेबारा टन वाहणारा तो माणूस साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला, कारण केव्हा उचलायचं आणि केव्हा बसायचं हे शेजारी घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस सांगत होता. विचार एकाने करायचा, राबायचं दुसऱ्याने. आपल्याकडे अशा देखरेख करणाऱ्याला मुकादम म्हणतात, आणि मुकादमाचा प्रश्न एकच असतो: किती झालं?

दुसरा प्रश्न कापडाच्या मागावर जन्मला. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. इचलकरंजीत किंवा मालेगावात यंत्रमागावर ज्याचं आयुष्य गेलं, त्याला याचं मोल सांगायला नको. तुटल्या धाग्यावर माग चालत राहिला तर कापड वाया जातं, म्हणून न थांबणाऱ्या मागावर सतत डोळा ठेवावा लागतो. स्वतः थांबणारे माग मात्र एकच माणूस कितीतरी सांभाळू शकतो. ताइइची ओनो आधी टोयोडांच्याच कापडगिरणीत होते. १९४३मध्ये ते मोटारींच्या कारखान्यात आले आणि मागावरचं हे शहाणपण त्यांनी तिथे नेलं. मोटार जोडणाऱ्या कामगाराच्या डोक्यावरून दोरी जाते. काही चुकलं, बिघडलं, उमगलं नाही की त्याने ती ओढायची. दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो, आणि ठरल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर अख्खी लाइन थांबते. दोरी ओढणाऱ्यावर ओरडायचं नाही, हा त्यातला खरा भाग. तो नसेल तर दोरी नुसती लोंबकळत राहते. इथे प्रमुखाचं काम पालटलं. घड्याळ घेऊन उभं राहणं सुटलं आणि हाकेला धावणं त्याच्याकडे आलं. तो येऊन विचारतो: अडलंय कुठे?

सॉफ्टवेअरमध्ये हा विचार यायला बराच काळ गेला. १९८६मध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत एक लेख लिहिला. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स यांच्या गटांचं निरीक्षण करून त्यांनी म्हटलं की नवी वस्तू घडवणारे गट रिले शर्यतीसारखी दांडी पुढच्याच्या हाती देत नाहीत. रग्बीच्या संघासारखे एकत्र सरकतात. ‘स्क्रम’ हा शब्द तिथला. १९९३मध्ये जेफ सदरलँड यांनी तो आपल्या प्रोग्रामरांच्या गटाला लावला, १९९५मध्ये केन श्वेबर यांनी त्यावरचा निबंध ऑस्टिनच्या परिषदेत मांडला. फेब्रुवारी २००१मध्ये युटामधल्या स्नोबर्ड इथे सतराजण जमले आणि अजाइलचा जाहीरनामा लिहिला गेला. साधनं आणि कार्यपद्धतीपेक्षा माणसांच्या आपसातल्या बोलण्याला जास्त मोल द्यायचं, ही त्यातली पहिली गोष्ट. स्टँड-अपचे तीन प्रश्न आमच्या पिढीने पाठच केले: काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे. माझ्या मते पहिले दोन तिसऱ्यापर्यंत पोचण्यासाठी होते.

नंतर काय झालं ते या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. तिसऱ्या प्रश्नाला ‘नो ब्लॉकर’ हे ठरलेलं उत्तर चिकटलं आणि बैठक पहिल्या दोन प्रश्नांची झाली. स्टोरी पॉइंट आले ते काम किती मोठं याच्या अंदाजासाठी. त्यांची बेरीज झाली, बेरजेचा आलेख झाला, आणि या गटाची वेलॉसिटी, म्हणजे वेग, त्या गटापेक्षा कमी का, असं विचारणं सुरू झालं. स्टोरी पॉइंट कदाचित आपणच शोधून काढले असतील आणि तसं असेल तर आता त्याचं वाईट वाटतं, असं स्नोबर्डच्या सतराजणांतल्या रॉन जेफ्रिज यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. २०२०च्या स्क्रम गाइडमधून स्टँड-अपचे ते तीन प्रश्नच काढून टाकले गेले. तोवर त्यांची घोकंपट्टी झाली होती. स्क्रम मास्टर दिवसभर तिकिटं हलवायचा, आठवण करायचा, अहवाल पाठवायचा. मीही तेच करत होतो. किती झालं, हाच प्रश्न गोड आवाजात विचारत होतो. जानेवारी २०२३मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने अजाइलच्या अकराशेहून अधिक जागा रद्द केल्या तेव्हा आमच्या क्षेत्रात खळबळ माजली. पण आमच्या पदातून कारकुनी वजा केली तर काय उरतं, हे आम्ही कधी नीट मांडलंच नव्हतं.

ती कारकुनी आता एआयने घेतली. नोंदी, आलेख, बॅकलॉगची साफसफाई, रेट्रोमधल्या, म्हणजे झालेल्या कामाचा आढावा घेणाऱ्या बैठकीतल्या, शेऱ्यांचं वर्गीकरण हे सगळं ते माझ्याहून लवकर करतं, आणि मला त्याचं दुःख नाही. काळजी वेगळी आहे. एआय टोयोडांच्या मागासारखं थांबत नाही. धागा तुटला तरी ते विणत राहतं, आणि विणलेलं दिसतंही सुबक. माहिती अपुरी असली तर ‘मला हे ठाऊक नाही’ म्हणून अडून बसण्याऐवजी ते अनेकदा पटेलसं काहीतरी पुढे करतं. आमचं ३६५ असंच आलं. दोरी ओढणारं कुणीच नव्हतं. जिला ओढावीशी वाटली ती सात महिन्यांची नवखी होती आणि तिला मेलची भीती होती.

वेगाबद्दल आपण किती फसतो याचा एक बोलका पुरावा आहे. २०२५मध्ये मेटर या संस्थेने सोळा अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना २४६ कामं देऊन प्रयोग केला. स्वतःच्या सवयीच्या कोडवर एआयची मदत घेताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावरही आपण सुमारे २० टक्के लवकर उरकलं, असंच त्यांना वाटत होतं. साधनं झपाट्याने बदलत आहेत, त्यामुळे तो आकडा सगळीकडे लावता येणार नाही. पण वाटणं आणि असणं यांतलं हे अंतर मी आमच्या गटात रोज पाहतो. कोड लिहायला लागणारे दोन दिवस दोन तासांवर आले आहेत. तो समजून घ्यायचा वेळ मात्र कुणाच्याच अंदाजात धरलेला नसतो. फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६मध्येच बजावलं होतं की सॉफ्टवेअरमधलं मूळ अवघडपण कोड टंकण्यात नाही, नेमकं काय हवंय ते ठरवण्यात आहे. गटप्रमुखाची जागा आता तिथे आहे.

आणि ते ठरतं बोलण्यातून. संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत चुका कमी निघतील अशी त्यांची अपेक्षा होती, निघाल्या जास्त. कारण तिथल्या परिचारिका चुका उघड सांगत होत्या. बाकीच्या गटांत त्या झाकल्या जात होत्या. हे वाचल्यावर मला आमच्या स्वच्छ, ‘नो ब्लॉकर’वाल्या गोषवाऱ्यांची भीती वाटू लागली. जे यंत्र प्रत्येक वाक्य टिपून वर पाठवतं ते टेलरच्या माणसाच्या हातातलं घड्याळच झालं, मग त्याला मदतनीस म्हणा की आणखी काही. ते चालू ठेवणारा मी पुन्हा मुकादम झालो होतो.

स्टँड-अपमधून यंत्र काढायला मला वरच्या लोकांबरोबर दोन बैठका घ्याव्या लागल्या. नोंद का नको, हा प्रश्न त्यांचा. आणि तो चुकीचा नव्हता. आता ते ग्राहकाच्या बैठकीला बसतं, निर्णयांची नोंद ठेवतं, तिथे ते उत्तम आहे. सकाळी आम्ही तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो आणि तोही बदलला आहे: कालच्या कोडमधलं काय तुला दुसऱ्याला समजावून सांगता येणार नाही? पहिला आठवडाभर शांतताच होती. मग मी माझंच एक सांगितलं, त्यानंतर हळूहळू बाकीचे बोलू लागले. बोर्डावर ‘कळलं नाही’ असा एक रकाना आहे. त्यातलं कार्ड हलवायचा अधिकार ज्याने ते लावलं त्यालाच. या रकान्यामुळे आमचे काही स्प्रिंट लांबले, हेही खरं आहे.

गट सांभाळणाऱ्या माझ्या सोबत्यांना एक विनंती आहे. तुमच्या स्टँड-अपला असं यंत्र बसत असेल, तर त्याचा गोषवारा कुणाकुणाला जातो ते उद्या एकदा पाहा. आणि गटातल्या सर्वांत नव्या माणसाला त्याबद्दल काय वाटतं, ते चहाला नेऊन विचारा.