वहिवाट आणि कुंपण

शहर वाढले म्हणजे काय वाढले, असे कोणी विचारिले तर सामान्यतः लोकसंख्येचा, घरांचा किंवा फार तर कराच्या उत्पन्नाचा आकडा पुढे करण्यात येतो. शहर किती मोठे झाले हे त्या आकड्यांवरून कळते. ते कसे झाले हे मात्र कळत नाही. ते जाणण्यास त्याच्या वाटा पाहाव्या लागतात. एखाद्या वस्तीत चव्हाटे किती, तिठे किती आणि पुढे भिंत लागून संपणाऱ्या गल्ल्या किती, एवढे मोजले तरी तेथील माणसे एकमेकांच्या किती जवळ आहेत याचा बराचसा अदमास बांधता येतो. या विषयाची स्थापत्याची बाजू तज्ज्ञांकडे सोपवून तिच्या पोटी असलेल्या नीतीच्या प्रश्नाचा आम्ही येथे विचार करणार आहोत. तो प्रश्न असा की, आपल्या जागेतून परक्याला वाट देणे हे निव्वळ औदार्य होय, की कर्तव्य होय?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घर पडते, मालक बदलतो, राज्येदेखील बदलतात. पण रस्त्याची रेघ सहसा पुसली जात नाही. 1666 च्या आगीत लंडन शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. ख्रिस्तोफर रेन यांनी नव्या, प्रशस्त नगराचा नकाशा तयार केला. तथापि शहर पुन्हा उभे राहिले ते बहुतांशी जुन्याच रस्त्यांच्या कडेने. न्यूयॉर्क येथे मॅनहॅटन बेटावर 1811 मध्ये काटकोनी रस्त्यांची चौकट आखण्यात आली, तेव्हा त्या बेटाचा बराचसा भाग शेते आणि टेकड्या यांनी व्यापिलेला होता. आज तेथे गगनचुंबी इमारती आहेत. चौकट तीच आहे. आपल्याकडे 1818 मध्ये पेशवाई गेली, पण पुण्याच्या पेठांतील बोळ राहिले. तात्पर्य, घर बांधणारा एका-दोन पिढ्यांपुरता विचार करीत असतो. वाट ठेवणारा किंवा अडविणारा मात्र, त्याच्या मनात असो वा नसो, अद्यापि जन्मास न आलेल्यांच्या वतीने निर्णय करीत असतो.

वाटा तुटण्याचा इतिहास अमेरिकेत उत्तम प्रकारे पाहावयास मिळतो. मोटारींचा सुळसुळाट झाल्यावर 1929 मध्ये न्यू जर्सी संस्थानात रॅडबर्न नावाची एक वसाहत वसविण्यात आली. मुलांना निर्धास्तपणे खेळता यावे म्हणून तेथील घरांपुढचे रस्ते एका टोकाशी बंद ठेविले होते. परंतु घरांच्या दुसऱ्या अंगास बागेतून जाणाऱ्या पाऊलवाटा सलग होत्या. म्हणजे अडविली होती ती गाडी, माणूस नव्हे. पुढे तेथील मध्यवर्ती सरकारच्या गृहविषयक खात्यानेही अशा बंद रस्त्यांची शिफारस केली आणि अनुकरण करणाऱ्यांनी बंद रस्ता तेवढा उचलला. पाऊलवाट बहुतेक ठिकाणी गळाली. अभ्यासकांनी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे त्या देशातील नव्या रस्त्यांचा हा तुटकपणा विसाव्या शतकात वाढत जाऊन 1994 च्या सुमारास शिगेस पोचला व नंतर काहीसा ओसरू लागला. परंतु 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जगभराच्या पाहणीत असे दिसले की, इतर अनेक देशांतील नव्या वस्त्या उलट त्याच वाटेने चालल्या आहेत.

आपले पुणे शहर या गोष्टीस अपवाद नाही. 1997, 2017 आणि 2021 या साली भोवतालची अनेक गावे महापालिकेच्या हद्दीत आली. पण गाव हद्दीत येण्यापूर्वीच त्यातील शेते एकेक करून विकली जात असतात. घेणारा आपल्या गटापुरता नकाशा काढतो, आतले रस्ते गुळगुळीत करतो, चहूबाजूंनी भिंत घालतो आणि एक भव्य कमान उभारतो. शेजारच्या गटातही तेच घडते. अशा दहा कमानी ज्या रस्त्यावर उघडतात तो रस्ता मात्र पूर्वीचा बैलगाडीचाच असतो. मग भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन मित्रांना एकमेकांकडे जाण्यास मैलभर वळसा पडतो, आणि तो वळसा घालणारे सर्वच एकाच रस्त्यावर आल्यामुळे तेथे गाड्यांची रीघ लागते. ‘रस्ता रुंद करा’ अशी ओरड होते. पण उणीव रुंदीची नसून जोडणीची आहे, हे फारसे कोणी बोलत नाही.

यात दुष्ट कोणीच नसतो, आणि हीच या प्रश्नातील खरी अडचण होय. चोराचिलटांचे भय, वाहनांचा कर्कश आवाज, लहान मुलांची काळजी ही कारणे खोटी नाहीत. जुन्या अहमदाबादेतील पोळांनाही दरवाजे होते आणि ते बांधणारे शहाणेच होते. परंतु एखादे कृत्य एकट्याने केले असता निरुपद्रवी असते म्हणून ते सर्वांनी केले असताही तसेच राहते, असे नाही. भिंतीची शांतता आतल्यांना मिळते. तिची किंमत बाहेरचे भरतात. त्यातही ज्याच्यापाशी वाहन आहे तो दोन-चार मिनिटे आणि थोडे इंधन खर्चून सुटतो. भर उन्हात वळसा पडतो तो धुणेभांडी करावयास येणाऱ्या बाईस, दप्तर घेऊन चालणाऱ्या मुलास आणि काठी टेकीत दवाखान्याकडे निघालेल्या वृद्धास. जिचा लाभ एकास व भार दुसऱ्यास, अशा सोयीला आपण इतर बाबतींत अन्याय म्हणतो; येथेच तिला सुरक्षितता का म्हणावे?

नवल असे की, ज्या शेतांवर या भिंती उभ्या राहिल्या त्या शेतांना हा धर्म ठाऊक होता. दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्याची वहिवाट हा खेड्यातील अत्यंत जिव्हाळ्याचा हक्क. 1882 च्या कायद्याने वहिवाटीच्या हक्कांस मान्यता दिली. 1906 च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याने शेताची वाट अडविणाऱ्याचा अडथळा दूर करण्याचा अधिकार मामलेदारास दिला. मालकी पूर्ण असली तरी ती शेजाऱ्याला कोंडण्याइतकी पूर्ण नव्हे, हे तत्त्व यात गृहीत आहे. शेतकऱ्यास लागू असलेले हे तत्त्व त्याच जमिनीवर राहावयास गेलेल्या सुशिक्षित नागरिकास जाचक का वाटावे, हे आम्हास उमगत नाही.

उपायही परका नाही. मुंबई इलाख्यात 1915 मध्ये नगररचनेचा कायदा झाला. सर्व मालकांच्या जमिनी एकत्र धरून प्रत्येकाने थोडथोडा भाग सोडावयाचा, त्यातून सलग रस्ते काढावयाचे आणि उरलेली जमीन नीट आकारात ज्याची त्यास परत द्यावयाची, अशी ही योजना. गुजरातेत ती नेटाने चालविली गेली. महाराष्ट्रातही 1966 च्या कायद्यात तिला स्थान आहे. पण ही गोष्ट वस्ती होण्यापूर्वी करावी लागते. भिंत उठल्यावर रस्ता काढणे म्हणजे घरे पाडणे.

ज्यांच्या भिंती उठल्या आहेत त्यांना तूर्त एवढेच सुचवावेसे वाटते. आपल्या पूर्वजांनी वाड्याचा दरवाजा भक्कम केला, पण त्यात दिंडी ठेविली. रात्री मोठा दरवाजा बंद झाला तरी माणूस वाकून आत-बाहेर करीत असे. दोन वसाहतींमधील भिंतीस अशी एक दिंडी पाडण्यास मोठा खर्च लागत नाही. दिवसा ती उघडी ठेवून रात्री तीस कडी लावता येते. पुढल्या सभेत हा प्रश्न निघाला असता ‘परका माणूस आत येईल’ असे कोणी म्हणालेच, तर त्याच दिंडीतून आपणही बाहेर जाणार आहोत, आणि भिंतीपलीकडच्यांस तेव्हा परके आपणच असणार आहो, हे त्यास अवश्य सांगावे.