संबळ कोणाला बोलावते?

लोकसंगीत आणि आधुनिक संगीत यांच्या संकराविषयी आपल्याकडे होणारी चर्चा बहुधा शुद्धतेच्या प्रश्नापाशी येऊन थांबते. मला तो प्रश्न गौण वाटतो. लोकपरंपरा मुळातच संकरातून घडत आलेली असते. नैतिक पेच आहे तो संबोधनाचा: एखादा नाद कोणाला उद्देशून निर्माण झाला, आणि संकरानंतर तो कोणाशी बोलतो?

गोंधळी संबळाच्या तालावर गावोगावच्या दैवतांना नाव घेऊन पाचारण करतो. त्यांत तुळजापूरची भवानी असते, तशी आमच्या अंबाजोगाईची योगेश्वरीही. येथे नाद म्हणजे आवाहन होय. झिंबाब्वेतील शोना समाजाच्या एंबिरा या वाद्याचेही असेच आहे. पूर्वजांच्या आत्म्यांना बोलावण्याच्या विधीत ते रात्रभर वाजते. थॉमस मापफुमो यांनी 1970 च्या दशकात एंबिराच्या सुरावटी विद्युत गिटारवर आणल्या, शोना भाषेत गाणी रचली आणि या संगीताला मुक्तिसंग्रामाचे 'चिमुरेंगा' हेच नाव दिले. वाद्य बदलले, श्रोताही बदलला. हाक मात्र हाकच राहिली. तत्कालीन गोऱ्या राजवटीने मापफुमोंना काही काळ स्थानबद्ध केले, यावरून ती कोठवर पोहोचली होती हे कळते.

याच्या शेजारी राजीव पाटील यांचा 'जोगवा' (2009) ठेवून पाहावा. अजय-अतुल यांच्या या चित्रपटातील संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो यथार्थ होता. चित्रपटामागे चारुता सागर यांची कथा आणि राजन गवस यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्या आहेत. चौंडकं हे जोगतिणींचे वाद्य; गवसांच्या शीर्षकात ते एका लादलेल्या आयुष्याची खूण होऊन येते. चित्रपटाच्या चौकटीत हा संदर्भ शाबूत आहे. तीच गाणी वरातीत ध्वनिवर्धकावरून वाजू लागली की मात्र आवाहनही उरत नाही आणि वेदनाही उरत नाही. याचा दोष संगीतकारांवर टाकणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे. ऐकणाऱ्याचीही काही जबाबदारी असते, आणि आपल्या समीक्षेने तिचा विचार क्वचितच केला आहे.

उलट बाजूने, परंपरेच्या जतनाचा आग्रह धरणाऱ्या देशीवादी अभ्यासकांनाही एक प्रश्न विचारावा लागतो. हलगी ज्यांच्या गळ्यात गावकीच्या सक्तीने अडकवली गेली, त्यांच्यापैकी कोणी ती खाली ठेवली, तर परंपरा मोडल्याचा ठपका त्याच्यावर ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? नादाचे सौंदर्य आपण घ्यायचे आणि त्याची अप्रतिष्ठा त्याने वाहायची, ही वाटणी जुनीच आहे.

म्हणून संकर कोण करतो, याला महत्त्व येते. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलन प्रकल्पात 1996 मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रण झाले. तेथील बायांनी ओवीच्या जुन्या साच्यात बाबासाहेबांना बसवले होते. जिथे विठ्ठलाला, माहेरच्या भावाला साद घालायची, तिथे त्यांनी भीमरायाला साद घातली. छंद तोच, गळा तोच, संबोधन त्यांनी स्वतः निवडलेले. पिठाच्या गिरणीने जाते अडगळीत टाकले तरी या ओव्या ध्वनिमुद्रित रूपात आता कोणालाही ऐकता येतात. उद्या एखाद्या संगीतकाराने त्यांच्याखाली इलेक्ट्रॉनिक ठेका घातला, तर स्वामित्वहक्काचा प्रश्न कायदा सोडवील. ती साद भीमरायापर्यंत पोहोचते की नाही, हे मात्र भीमनगरातच विचारावे लागेल.